भिंतीवरच्या बटणापासून पडद्यापर्यंत

संगणकाचा जो भाग हाताला लागतो, पडला तर फुटतो आणि दुरुस्तीला नेताना पिशवीत घालता येतो, तो हार्डवेअर. त्या भागांनी काय करायचे हे सांगणाऱ्या आज्ञा म्हणजे सॉफ्टवेअर. यवतमाळ जिल्ह्यात तहसीलच्या सेतू केंद्रात, तलाठ्याच्या टेबलावर, वणीकडच्या कोळशाच्या वजनकाट्यावर, पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये किंवा पुसदच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जो संगणक दिसतो, त्याचे भाग मुंबई-पुण्यातल्या संगणकाचेच असतात. फरक भोवतालात असतो. उन्हाळ्यातले ४४-४५ अंशांचे ऊन, कापसाचे तंतू, काळ्या मातीची धूळ आणि जाणारी-येणारी लाइट यांच्यात त्याला दिवस काढावे लागतात. म्हणून इथे संगणकाची ओळख प्रोसेसरपासून न करता भिंतीवरच्या बटणापासून केलेली बरी. बिघाडही बहुधा तिथूनच सुरू होतात.

आधी नावांचा एक घोळ सोडवायला हवा. टेबलाखालच्या लोखंडी डब्याला सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात. खरे तर डब्याचे नाव कॅबिनेट, आणि सीपीयू म्हणजे त्याच्या पोटातली प्रोसेसर नावाची एकच चिप. बोलण्यात हे खपून जाते, दुरुस्तीच्या बिलात मात्र खपू नये. ‘सीपीयू दुरुस्त केला’ एवढेच लिहिलेले असेल, तर नेमका कोणता भाग बदलला हे विचारायचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

वीज

भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची आणि एसी असते, म्हणजे तिची दिशा सतत उलटसुलट होत असते. संगणकातल्या चिपांना ती चालत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज लागते. हे रूपांतर करणारी कॅबिनेटमधली पत्र्याची चौकोनी पेटी म्हणजे एसएमपीएस. तिच्यातून निघणाऱ्या तारांचे रंग जगभर ठरलेले आहेत: पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची आणि काळी ग्राउंडची. यातल्या बऱ्याचशा तारा २४ पिनांच्या एका रुंद जोडातून मदरबोर्डला जातात. जांभळ्या तारेत संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट खेळत असतात. समोरचे बटण दाबल्याचे मदरबोर्डला कळते ते याच विजेवर, आणि म्हणूनच डबा उघडण्याआधी भिंतीतला प्लग काढावा लागतो. बटण दाबले की मदरबोर्ड हिरवी तार ग्राउंडला जोडतो आणि एसएमपीएस जागा होतो. संगणक अजिबात चालू होत नसला, तर दुरुस्ती करणारा कारागीर हा जोड सोडवून त्याच्या हिरव्या आणि काळ्या तारेच्या खाचांत तारेचा तुकडा घालतो. पंखा फिरला तर एसएमपीएस जिवंत आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे, एवढे लगेच कळते.

जुन्या एसएमपीएसच्या पाठीमागे ११५ आणि २३० असे आकडे असलेले लाल सरकते बटण असते. साफसफाई करताना किंवा पोराटोरांच्या हातून ते ११५ वर सरकले आणि मग संगणक सुरू केला, की फटाक्यासारखा आवाज होऊन एसएमपीएस जातो. नव्या एसएमपीएसना हे बटण बहुधा नसते. ते कमी-जास्त व्होल्टेज आपोआप सांभाळून घेतात, आणि डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, संध्याकाळी भार वाढून दिवे मंद झाले तरी बराच वेळ तग धरतात.

प्लगमधली तिसरी, लांब आणि जाड पिन अर्थिंगची. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होते, ही तक्रार जिल्ह्यात नेहमीची आहे, आणि तिचे कारण बहुधा संगणकात नसतेच. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फारच थोडा प्रवाह डब्याच्या पत्र्याकडे सोडतात आणि तो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा अशी मूळ योजना असते. अर्थिंग नसले किंवा निकामी झाले, की तो पत्र्यावर अडकतो आणि हात लावणाऱ्याच्या शरीरातून वाट काढतो. काळी माती या बाबतीत दोन तोंडांची आहे. पावसाळ्यात ओल धरल्यावर ती वीज उत्तम वाहून नेते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र ती सुकते, तिला भेगा पडतात आणि पुरलेल्या पट्टीशी असलेला तिचा संबंध सुटतो. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालण्याची आणि उन्हाळ्यात तिथे अधूनमधून पाणी ओतण्याची पद्धत यासाठीच आहे. पिन सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती कापून टाकण्याचीही एक पद्धत आहे. तिचे समर्थन करता येत नाही.

भिंत आणि एसएमपीएस यांच्या मध्ये यूपीएस बसतो. लाइट गेल्यावर काही मिनिटे वीज पुरवायची, म्हणजे उघडलेले काम जतन करून संगणक नीट बंद करता येईल, एवढेच त्याचे काम. त्यावर तासभर काम चालावे अशी अपेक्षा ठेवणे चूक. ६०० व्हीए असे लिहिलेला साधा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॉटचाच भार पेलतो, कारण व्हीए आणि वॉट हे आकडे एक नव्हेत. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी असते. साध्या संगणकाला आणि पडद्याला ती नवी असताना दहा-पंधरा मिनिटे साथ देते.

सेवा केंद्रांत होणारी नेहमीची चूक म्हणजे लेझर प्रिंटर यूपीएसला जोडणे. लेझर प्रिंटर कागदावर टोनरची पूड पसरवून ती उष्णतेने वितळवून चिकटवतो, आणि त्या तापणाऱ्या रुळाला क्षणभर कित्येकशे वॉट लागतात. लाइट गेलेली असताना कोणी दाखल्याची प्रिंट दिली, की यूपीएस टीं-टीं करत बसतो आणि प्रिंटरसोबत संगणकही बंद पडतो. प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडला की हा प्रश्न संपतो.

यूपीएसच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून मोजलेले असते. त्यापुढे दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्म्यावर येते. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत बॅटरी दीड-दोन वर्षांतच मान टाकते, तेव्हा कंपनीला दोष देण्याआधी छपराकडे पाहावे. जुनी बॅटरी भंगारात फेकायची नसते. तिच्यातले शिसे विषारी असते आणि ते पुन्हा वापरातही येते. बॅटरी विकणारा दुकानदार ती परत घेतो.

मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विदर्भात विजा पडतात. त्यांचा धक्का विजेच्या तारेतून येतो तसा इंटरनेटच्या केबलमधूनही येतो. कडकडाट सुरू झाल्यावर प्लग काढणारे पुष्कळ असतात, नेटची केबल काढायला मात्र विसरतात, आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरू होतो पण नेट चालत नाही. जळालेले असते ते मदरबोर्डवरचे त्या केबलचे पोर्ट.

मदरबोर्ड आणि त्यावरची मंडळी

कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा सरकवला की सर्वांत मोठी जी हिरवी, निळी किंवा काळी पाटी दिसते, तो मदरबोर्ड. तिच्यावरच्या बारीक तांब्याच्या रेषा म्हणजे भागाभागांना जोडणाऱ्या तारा. प्रोसेसर जिथे बसतो ते सॉकेट, आणि रॅम किंवा इतर कार्डे जिथे खोचतात ते स्लॉट. कार्डाची गरज आता फारशी पडत नाही, कारण आवाज, चित्र, नेट हे सगळे मदरबोर्डवरच आलेले असते. एके काळी मात्र मराठीसुद्धा कार्डावर यायची. पुण्याच्या सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेचे जिस्ट कार्ड स्लॉटमध्ये बसवले, की इंग्रजीखेरीज काही न जाणणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. आज ते काम सॉफ्टवेअर करते.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते. तिच्यावर सीआर-२०३२ असे लिहिलेले असते, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. तिचा दाब ३ व्होल्ट. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की संगणक दर वेळी एखाद्या जुन्या सालात जागा होतो. हे वरवर किरकोळ वाटते. पण शासनाचे पोर्टल किंवा बँकेची साइट उघडताना ब्राउझर त्या साइटचे सुरक्षा प्रमाणपत्र कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते तपासतो. संगणकाच्या मते साल जुने असेल, तर प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते, आणि पडद्यावर लाल रंगात धोक्याची सूचना येते. नेट बंद आहे, सर्व्हर डाउन आहे, अशी कारणे देऊन लोकांना परत पाठवले जाते, आणि दोष असतो थोडक्या रुपयांच्या त्या बॅटरीत. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख आधी पाहणे हा त्यावरचा सोपा उपाय.

मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये बायोस नावाचा प्रोग्राम कायमचा लिहिलेला असतो. त्याच्या नव्या पिढीला यूईएफआय म्हणतात. संगणक सुरू होताच हाच प्रोग्राम आधी प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड, डिस्क सगळे जागेवर आहेत ना, याची हजेरी घेतो. कोणी गैरहजर असले, तर बारीक शिट्ट्या वाजवून सांगतो.

प्रोसेसर म्हणजे बेरीज-वजाबाकी, तुलना आणि आकड्यांची ने-आण हीच कामे अफाट वेगाने करणारी चिप. ३ गिगाहर्ट्झ याचा अर्थ तिच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला ३०० कोटी पडतात. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्या पेंटियम प्रोसेसरच्या घडणीशी निगडित होते, तो १९९३ मध्ये ६० आणि ६६ मेगाहर्ट्झने चालत असे आणि त्यात सुमारे ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. आज साध्या प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरांची मोजणी अब्जांत होते. मात्र ठोक्यांचा वेग वाढवायला मर्यादा आहे, कारण वेगाबरोबर उष्णता वाढते. म्हणून एका चिपवर चार, सहा, आठ प्रोसेसर बसवायची रीत आली. त्या प्रत्येकाला कोर म्हणतात.

अनेक प्रोसेसर एकत्र जुंपण्याची कल्पना महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आधीच राबवली गेली होती. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला, तो असाच अनेक प्रोसेसर समांतर चालवून. त्या प्रकल्पाचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. समांतर कामाचा फायदा मात्र काम वाटता येत असेल तरच होतो. कापूस वेचायला एकाऐवजी आठ माणसे लावली तर शेत लवकर आटोपते, पण काकरी एकच असेल तर सात जण धुऱ्यावर बसून राहतात. सेतू केंद्रातला एखादा अर्ज भरण्याचे काम असे एका काकरीचेच असते. तिथे आठ कोरचा महागडा प्रोसेसर घेऊन काही हाती लागत नाही.

उष्णता बाहेर काढायला प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा हीट सिंक आणि त्यावर पंखा असतो. चिप आणि हीट सिंक यांच्या मधल्या सूक्ष्म फटी भरायला पांढरट-करडी थर्मल पेस्ट लावतात, ती काही वर्षांत वाळते. पंखा खोलीतली हवाच अंगावर घेतो, त्यामुळे खोलीत ४० अंश असतील तर त्याखाली प्रोसेसर कधीच जाणार नाही. शंभर अंशांच्या जवळ पोहोचला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद करतो. ‘दुपारी हँग होतो, सकाळी नीट चालतो’ या तक्रारीचा उलगडा बहुतेक वेळा एवढाच असतो.

जिनिंगमध्ये यात कापसाची भर पडते. हवेत तरंगणारे तंतू पंखा आत ओढतो आणि ते हीट सिंकच्या पात्यांमध्ये अडकतात. हंगाम संपल्यावर डबा उघडला तर पंख्याखाली रुईची एक दाट गादीच तयार झालेली सापडते, आणि ती बोटांनी सलग उचलता येते. तिच्यातून हवा जाणार कुठून? हंगामात महिन्यातून एकदा तरी ब्लोअर मारावा लागतो, आणि मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा लागतो, नाहीतर तो अतिवेगाने फिरून बिघडतो. कार्यालयांत दुसरी अडचण असते ती कूलरची. वाळ्याच्या कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर सोडली, तर आतली कोरडी धूळ ओली होऊन चिखलासारखी चिकटते आणि ब्लोअरनेही निघत नाही. कूलर माणसांसाठी असावा, संगणकाचे तोंड त्याच्या झोतापासून वळवलेले असावे.

रॅम आणि डिस्क

स्मृती दोन प्रकारची असते, आणि नवशिक्याचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो, कारण दोन्ही जीबीमध्येच मोजतात. चालू असलेले काम जिथे असते ती रॅम. वीज गेली की ती कोरी होते. वीज गेल्यावरही जे टिकते ते डिस्कवर असते. ८ जीबीचा आकडा रॅमचा आणि ५०० जीबीचा डिस्कचा. ‘मेमरी भरली’ म्हणून रॅम वाढवून घेणारे आणि ‘संगणक मंद झाला’ म्हणून फोटो खोडत बसणारे, दोघेही याच घोळाचे बळी.

मापाची कल्पना यायला एक जुना संगणक उपयोगी पडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० पासून चाललेल्या टिफ्रॅक या यंत्रात २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्याच्या चुंबकीय स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबाने १० केबी. ८ जीबीची रॅम त्याच्या आठ लाखांहून अधिक पट होते, आणि ती बोटभर रुंद पट्टीवर मावते.

रॅमच्या पट्टीच्या एका कडेला सोनेरी पत्र्यांची रांग आणि मध्ये एक खाच असते. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ यांची खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. हे मुद्दाम केलेले आहे, कारण एकीला १.५ व्होल्ट लागतात आणि दुसरीला १.२. संगणक सुरू होतो, पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही आणि शिट्ट्या वाजतात, अशा वेळी कारागीर पहिल्यांदा रॅम काढून तिची सोनेरी कड पेन्सिलीच्या खोडरबराने घासतो. बघणाऱ्याला हा जादूटोणा वाटतो. खोडरबराने पत्र्यांवरचा धुळीचा आणि हवेतल्या ओलीमुळे बसलेला पातळ थर निघतो आणि वीज पुन्हा वाहू लागते, एवढेच त्यात आहे. हलक्या हाताने घासायचे आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू द्यायचा नाही. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते आणि ती चिपला मारू शकते, म्हणून पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्यायचा.

हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या मिनिटाला ७,२०० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरतात. त्यांच्या पृष्ठभागापासून केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी अंतरावर वाचन-लेखन करणारे डोके तरंगत असते. चालू असताना धक्का बसला तर ते तबकडीला घासते आणि तिथला मजकूर गेला म्हणून समजायचे. टक्-टक् असा आवाज येऊ लागला, तर दुरुस्तीचा विचार नंतर करावा, आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे हलवाव्यात. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते, सगळे चिपांवर. म्हणून ती वेगवान, गार आणि धक्के सोसणारी. सॅटा प्रकारची एसएसडी जुन्या हार्ड डिस्कच्या केबलवरच चालते, तर एनव्हीएमई ही च्युइंगगमच्या कांडीएवढी पट्टी थेट मदरबोर्डवर बसते. जुना, रखडणारा संगणक फेकण्याआधी त्यात एसएसडी घालून पाहावी. थोड्या पैशांत एवढा फरक पाडणारा दुसरा बदल नाही.

५०० जीबीची डिस्क घेतली आणि पडद्यावर ४६५ दिसले, तर दुकानदाराने फसवलेले नसते. कंपनी १,००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, त्यामुळे हा फरक पडतो.

‘यवतमाळ’ टाइप होते तेव्हा

कीबोर्डला अक्षरे कळत नाहीत. कळ दाबली की तो फक्त त्या कळीचा क्रमांक पाठवतो, आणि त्या क्रमांकाचे अक्षर कोणते हे सॉफ्टवेअर ठरवते. म्हणून एकाच कीबोर्डवर इंग्रजी आणि मराठी दोन्ही लिहिता येतात. इनस्क्रिप्ट या प्रमाण मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. त्यात ‘यवतमाळ’ लिहायला सहा ठसे लागतात: य, व, त, म, काना आणि शिफ्ट धरून ळ. जुन्या टाइपरायटरवरून आलेल्यांच्या बोटांना रेमिंग्टनची मांडणी बसलेली असते. यंत्राला त्याने फरक पडत नाही.

प्रत्येक चिन्ह साठवताना त्याचे आकड्यात रूपांतर होते. शून्य किंवा एक, एवढेच सांगणारा सर्वांत लहान घटक म्हणजे बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, तर इंटरनेटवर रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘यवतमाळ’ म्हणजे सहा चिन्हे, अठरा बाइट. कळीचा क्रमांक केबलमधून मदरबोर्डवर येतो, प्रोसेसरवर चालणारे सॉफ्टवेअर त्याचा हा आकडा करून रॅममध्ये ठेवते, आणि अखेर काम चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स भागाकडे जाते. तो भाग अक्षराच्या आकाराचे ठिपके ठरवतो. १९२० गुणिले १०८० या पडद्यावर एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे असतात. पडद्याचा आकार इंचांत आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरका मोजतात.

संगणकात माहिती घालणारी साधने इनपुट आणि बाहेर काढणारी आउटपुट. स्कॅनर, वेबकॅम, माउस ही इनपुट, तर पडदा, प्रिंटर, स्पीकर ही आउटपुट. जिल्ह्यात सर्वांत अधिक गर्दी खेचणारे इनपुट साधन मात्र अंगठा ठेवायचे छोटे यंत्र आहे. ते बोटाच्या रेषांचे इंचाला ५०० ठिपके या दराने चित्र घेते. विळा-खुरपे धरून किंवा कापूस वेचून रेषा झिजलेल्या असतील, किंवा उन्हाळ्यात कातडी कोरडी पडली असेल, तर रेषा आणि त्यांच्या मधल्या दऱ्या यांतला फरक त्याला दिसत नाही. केंद्रचालक बोट ओल्या फडक्याला पुसायला सांगतो, त्याला आधार आहे. थोड्या ओलाव्याने रेषा काचेला नीट चिकटतात. काच मळलेली असेल तर मात्र कितीही बोटे बदलली तरी उपयोग नाही.

पोर्ट आणि केबली

डब्याच्या पाठीमागची भोके म्हणजे पोर्ट. जांभळे गोल पोर्ट जुन्या कीबोर्डचे आणि हिरवे माउसचे, १५ भोकांचे निळे व्हीजीए आणि चपटे एचडीएमआय पडद्याचे, आठ पत्र्यांचे चौकोनी पोर्ट नेटचे. यूएसबी १९९६ मध्ये आले आणि बाकी बहुतेकांना त्याने बाजूला सारले. ते घडवणाऱ्यांत वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. आत निळी पट्टी दिसली तर ते सहसा यूएसबी ३, म्हणजे वेगवान. पेन ड्राइव्हवर मोठ्या फाइली घ्यायच्या असतील तर तेच वापरावे.

नऊ पिनांचे सीरियल पोर्ट शहरी कार्यालयांतून गेले, पण वजनकाट्यावर ते अजून टिकून आहे. कापसाची गाडी किंवा कोळशाचा ट्रक काट्यावर चढला, की खालच्या लोड सेलवर दाब पडतो आणि त्यातल्या तारेचा विद्युत रोध किंचित बदलतो. खोलीतले दर्शक यंत्र तो बदल मोजून किलोंत दाखवते आणि तोच आकडा सीरियल केबलने एकेक बिट करत संगणकाला पाठवते. नव्या संगणकाला हे पोर्ट नसले, तर सीरियलचे यूएसबी करणारी केबल मिळते. काट्यावर लाल आकडे दिसत असूनही संगणकात शून्य येत असेल, तर काटा बिघडलेला नसतो. केबल सैल झालेली असते, किंवा वेगाचा आकडा दोन्हीकडे जुळत नसतो.

काट्याची पावती अनेक ठिकाणी अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर निघते, आणि तो कर्कश आवाज करत असला तरी त्याला पर्याय नसतो. त्याच्या डोक्यातल्या ९ किंवा २४ सुया फितीवरून कागदावर प्रत्यक्ष आपटतात, म्हणून कार्बनखालच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीवरही अक्षर उमटते: एक गाडीवाल्याला, एक जिनला, एक हिशेबाला. लेझर आणि इंकजेट कागदाला आपटत नाहीत, त्यांना हे जमत नाही. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि लेझर प्रिंटरमध्ये अडकतो. उघडलेले रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले तर हा त्रास बराच कमी होतो.

कोटेशन वाचताना

दुकानातले कोटेशन साधारण असे असते: आय-५, ८ जीबी डीडीआर-४, २५६ जीबी एनव्हीएमई, १९ इंची एलईडी, कीबोर्ड-माउस. यातले बहुतेक शब्द आता ओळखीचे झाले. नुसत्या ‘आय-५’ला फारसा अर्थ नाही, कारण हे नाव २००९ पासून चालत आले आहे. खरी माहिती त्यापुढच्या आकड्यात असते. ८५०० असेल तर पहिला ८ आठवी पिढी दाखवतो, १२४०० असेल तर पहिले दोन आकडे बारावी. वापरलेला, म्हणजे रिफर्बिश्ड, संगणक घेताना हे पाहणे विशेष गरजेचे, कारण विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. ८ जीबीची रॅम एकाच पट्टीत आहे की ४-४ च्या दोन पट्ट्यांत, आणि पुढे वाढवायला स्लॉट मोकळा आहे का, हेही विचारावे.

कोटेशनमध्ये बहुधा नसते ते एसएमपीएसचे नाव आणि यूपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर लिहिलेले वॉट आणि त्यातून प्रत्यक्ष मिळणारे वॉट यांत मोठे अंतर असू शकते, म्हणून तो वेगळा आणि नाव सांगून घ्यावा. असेंबल्ड संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी निराळी असते: प्रोसेसरची एक, रॅमची दुसरी, यूपीएसच्या बॅटरीची सगळ्यांत कमी. त्यामुळे बिलावर ‘संगणक एक नग’ असे न लिहिता प्रत्येक भागाचे नाव, सीरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत वेगवेगळी लिहून घ्यावी.